धुकं पिणारा डोंगर: वाळवंटाच्या कडेला धोफार हिरवा होतो कसा?

पीकविम्याच्या अर्जावर, सोसायटीच्या कर्जाच्या कागदावर, कृषी खात्याच्या फलकावर आपण 'खरीप' हा शब्द रोज वाचतो. तो मुळात अरबी आहे. 'खरीफ' म्हणजे शरद ऋतू. ओमानच्या दक्षिण टोकाला धोफार नावाचा प्रांत आहे. तिथे हा शब्द आजही बोलण्यात आहे, पण तिथल्या लोकांसाठी खरीफ म्हणजे जूनअखेर ते सप्टेंबर हे धुक्याचे तीन महिने.

दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये आखातात नोकरीला असलेल्या नातेवाइकांकडून फोनवर व्हिडिओ येतात. हिरवेगार उतार, त्यावर उतरलेलं धुकं, धबधबा आणि रस्ता अडवून उभे असलेले उंट. खाली लिहिलेलं असतं, 'ओळखा पाहू, आंबोली की सलाला?' सलाला हे धोफारचं मुख्य शहर. तिथे वर्षभरात मिळून पडतो साधारण १०० मिलिमीटर पाऊस. मुंबईत जुलैतल्या एखाद्या जोरदार दिवशी त्याहून जास्त पडतो. डोंगराच्या पाठीमागे तर रब-अल-खाली हे जगातल्या सर्वांत मोठ्या वाळवंटांपैकी एक पसरलं आहे. मग ही हिरवळ कशावर जगते?

एका वाक्यात सांगायचं तर, तिथलं बरंचसं पाणी आभाळातून पडत नाही, झाडातून पडतं. हे वाक्य विचित्र वाटेल. ते पटण्यासाठी आधी डोंगर कशाचा आहे ते पाहू.

समुद्राचा तळ डोंगर कसा झाला

धोफारची डोंगररांग यमनच्या सीमेपासून पूर्वेकडे समुद्राला धरून जाते. पश्चिमेला जबल अल-कमर, मध्ये सलालाच्या पाठीशी जबल अल-करा आणि पूर्वेला जबल समहान. जबल म्हणजे डोंगर. समहान यांत सर्वांत उंच, १८०० मीटरच्या वर. म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही उंच.

हा सगळा डोंगर मुख्यत्वे चुनखडीचा आहे. चुनखडी म्हणजे उथळ, उबदार समुद्रात राहणाऱ्या जीवांची कवचं आणि सांगाडे तळाशी साचत जाऊन, दाबले जाऊन झालेला खडक. धोफारची बरीचशी चुनखडी ४ ते ६ कोटी वर्षांपूर्वीची आहे. आपल्या सह्याद्रीचा लाव्हा तेव्हा केव्हाच थंड होऊन गेला होता आणि अरबस्तानचा हा भाग अजून पाण्याखाली होता.

पुढे, सुमारे ३.५ कोटी वर्षांपूर्वी, अरबस्तान आफ्रिकेपासून फाटायला लागला. शिळी भाकरी दोन्ही हातांनी ओढली की मधोमध तडा जातो आणि तुटलेल्या कडा वर उचलल्या जातात, साधारण तसंच झालं. मधल्या तड्यात समुद्र शिरला, ते आजचं एडनचं आखात. उचलली गेलेली कड म्हणजे धोफारचा डोंगर. म्हणून तो समुद्राच्या बाजूला भिंतीसारखा तुटतो आणि वाळवंटाच्या बाजूला हळूहळू उतरत जातो.

सह्याद्रीचंही काहीसं असंच आहे. कोकणाकडे कडा, देशाकडे उतार. समोरून येणारा वाराही तोच, नैऋत्य मोसमी वारा. इथपर्यंतचं साम्य खरंच जुळ्या भावंडांचं आहे.

वारा तोच, मग पाऊस का नाही?

धोफारबद्दल बोलताना हा प्रश्न सगळ्यात आधी येतो. सह्याद्रीवर महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि त्याच वाऱ्याच्या वाटेवर आधी लागणाऱ्या या डोंगरावर नुसती भुरभुर, हे कसं?

याचं उत्तर समुद्रात आहे. जूनमध्ये नैऋत्य वारा सुरू झाला की तो धोफारच्या किनाऱ्याला जवळपास समांतर वाहतो. पृथ्वी फिरते आहे, म्हणून वाऱ्याने ढकललेलं पाणी सरळ न जाता उजवीकडे वळतं, म्हणजे इथे किनाऱ्यापासून दूर खोल समुद्राकडे. वरचं कोमट पाणी असं बाजूला सरकलं की त्याची जागा भरायला तळाचं गार पाणी वर येतं. मे महिन्यात तीस अंशांच्या आसपास असलेला समुद्र जुलै-ऑगस्टमध्ये वीसच्या आसपास येतो. या गार पाण्यासोबत तळाची पोषक द्रव्यंही वर येतात. म्हणून इथल्या समुद्रात तारली उदंड. सलालाच्या पूर्वेला किनाऱ्यावर असलेल्या मिरबात गावाच्या बाजूला तर थंड समुद्रांत वाढणारं केल्प हे मोठं सागरी शेवाळसुद्धा या काळात उगवतं, तेही उष्ण कटिबंधात!

आता बाष्पाने भरलेला वारा या गार पाण्यावरून येतो. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर बाहेरून दव धरतं ना, तसं हवेतलं बाष्प थंड होऊन बारीक थेंबांत बदलतं. हेच धुकं. ते किनाऱ्यावर येतं आणि डोंगराच्या उभ्या कडेला जाऊन टेकतं.

पाऊस पडायला मात्र हवा अजून उंच चढायला हवी. वर जाईल तशी ती आणखी थंड होते, थेंब एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि वजनाने खाली पडतात. सह्याद्रीवर नेमकं हेच होतं. धोफारमध्ये वरचा रस्ता बंद आहे. वाळवंटावरची तापलेली कोरडी हवा धुक्याच्या थरावर येऊन बसते. नेहमी खाली गरम आणि वर गार हवा असते, इथे खाली गार आणि वर गरम. या उलट्या रचनेला हवामानशास्त्रात 'इन्व्हर्जन' म्हणतात. खालची गार हवा जड, वरची गरम हवा हलकी, म्हणून खालची वर चढूच शकत नाही. पातेल्यावर ताट ठेवल्यासारखं सगळं धुकं आत कोंडून राहतं.

हे 'ताट' साधारण हजार मीटरच्या उंचीवर असतं. म्हणून समहानच्या माथ्यावर उभं राहिलं तर डोक्यावर लख्ख ऊन आणि पायाखाली कापूस पिंजून टाकल्यासारखा ढगांचा समुद्र दिसतो. खाली सलालात लोक सूर्य कधी दिसेल म्हणून वाट बघत असतात. तोच वारा पुढे अरबी समुद्र ओलांडताना आणखी बाष्प घेतो, पूर्वेकडे ते ताट विरत जातं आणि सह्याद्रीपाशी हवेला मोकळं आभाळ मिळतं.

पाणी पाडतं ते झाड

धुक्याचा थेंब माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी बारीक असतो. तो पडत नाही, तरंगतो. उघड्या मैदानावरून धुकं वाहत गेलं तर जमीन ओलसर होते, पण भिजत नाही. पावसाळ्यात माथेरानला किंवा आंबोलीला पाऊस थांबलेला असताना धुक्यात फिरला असाल तर एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. रस्त्यावर छत्री लागत नाही, पण झाडाखाली जाऊन उभं राहिलं की टपटप सुरू. पाऊस नसताना अंगावर थेंब पडतात.

धोफारमध्ये हीच टपटप जंगलाचा मुख्य आधार आहे. वाऱ्यासोबत वाहणारे थेंब पानांवर, काटक्यांवर, शेवाळावर आपटतात, चिकटतात, एकमेकांत मिसळतात आणि पानाच्या टोकावर मोठा थेंब तयार होऊन तो खाली पडतो. झाड म्हणजे धुक्याच्या वाटेवर उभी धरलेली चाळणी. जितकी पानं जास्त आणि झाड जितकं उंच, तितकं पाणी जास्त.

अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतले शास्त्रज्ञ आन्के हिल्डेब्रांट आणि एल्फातिह एल्ताहिर यांनी या जंगलात मोजमापं घेतली आणि २००६ मध्ये आपलं म्हणणं मांडलं. सार असं की, हे जंगल स्वतःच्या जगण्याची जागा स्वतःच तयार करतं. झाड धुकं गाळतं, ते पाणी मुळांपाशी मातीत साठतं. तीन महिने सूर्य झाकलेला आणि हवा ओलीचिंब, त्यामुळे साठलेलं पाणी उडून जात नाही. खरीफ संपल्यावर झाड त्या शिलकीवर पुढचे काही महिने काढतं. मग पानं गाळून गप्प बसतं, पुढच्या जूनपर्यंत.

या जंगलातलं मुख्य झाड आपल्या ओळखीतलं आहे. शास्त्रीय नाव ॲनोजिसस धोफारिका. ते फक्त धोफार आणि त्याला लागून असलेल्या यमनच्या डोंगरांत सापडतं. त्याचं सख्खं भावंड म्हणजे आपला धावडा. ज्याचा डिंक आपण थंडीत लाडवांसाठी आणतो, तोच धावडा! मला या माहितीचं फार अप्रूप वाटतं. सातपुड्याच्या पानगळीच्या रानातलं कुळ आणि समुद्रापलीकडच्या धुक्यातलं कुळ एकच आहे.

पण इतक्याशा पाण्यातून झरे कसे?

शंका रास्त आहे. झाडांनी गाळलेलं पाणी झाडांनाच पुरलं असं म्हणावं, तर सलालाच्या आसपास ऐन रझात, ऐन हमरान असे बारमाही झरे कुठून आले? ऐन म्हणजे झरा. इथे पुन्हा चुनखडीकडे यावं लागतं.

पाणी हवेतून आणि मातीतून कार्बन डायऑक्साइड घेतं आणि किंचित आंबट होतं. इतकं किंचित की जिभेला कळणार नाही, पण चुनखडीला कळतं. ती विरघळते. बारीक भेगा हजारो-लाखो वर्षांत रुंदावतात, त्यांची भुयारं होतात, भुयारांच्या गुहा होतात. अशा आतून पोखरलेल्या चुनखडीच्या प्रदेशाला 'कार्स्ट' म्हणतात. आपला काळा कातळ असा विरघळत नाही. म्हणून सह्याद्रीवरचं पाणी बहुतेक वरच्यावर वाहून जातं आणि शिमग्यापर्यंत वरच्या वाड्यांच्या विहिरी तळ गाठतात. धोफारचा डोंगर स्पंजासारखा आहे. जे मिळेल ते पोटात घेतो आणि पायथ्याशी हळूहळू सोडतो.

हे पोखरणं डोळ्यांनी बघायचं तर तावी अतैरला जावं. नावाचा अर्थ 'पक्ष्यांची विहीर'. भुयारी पोकळीचं छत कधीकाळी कोसळलं आणि २०० मीटरहून खोल असा खड्डा उघडा पडला. साठेक मजली इमारत आत उभी राहील. काठावर उभं राहिलं की आधी काही दिसत नाही, फक्त खालून पाखरांचा कलकलाट घुमत वर येतो. डोळे सरावले की कपारीकपारीतून उडणारे ठिपके दिसायला लागतात.

विरघळलेला चुना पुढे कुठे जातो, तेही दिसतं. गिझरच्या कॉइलवर, चहाच्या भांड्याच्या तळाशी पांढरा थर बसतो, तो पाण्यातून परत बाहेर पडलेला चुनाच. वादी दरबातमध्ये निसर्गाने हेच काम प्रचंड प्रमाणावर केलं. दरीच्या तोंडाशी पाण्याने चुन्याचे थर एकावर एक चढवत सुमारे शंभर मीटर उंचीची भिंत उभी केली. भरपूर पाणी आलं की तिच्यावरून धबधबे कोसळतात. फोनवर येणाऱ्या व्हिडिओंत दिसतात ते बरेचदा याच दरीतले असतात.

डोंगराने सोडलेलं पाणी खालच्या सपाटीच्या पोटात शिरतं आणि त्यावर सलालाच्या नारळ-केळीच्या बागा उभ्या आहेत. चौदाव्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता इथे आला, तेव्हा त्याने लिहून ठेवलं की नारळ आणि विड्याचं पान हिंदुस्तानाखेरीज फक्त या शहरात मिळतं. जनावरांना सुकी तारली खायला घालतात, याचंही त्याला नवल वाटलं होतं. ती चाल धोफारमध्ये अलीकडेपर्यंत टिकून होती.

माथा ओलांडला की धूप

धुकं डोंगराचा माथा ओलांडत नाही. सलालाहून उत्तरेला थुमरैतच्या रस्त्याने निघालं की अर्ध्या-पाऊण तासात वायपर बंद करावे लागतात. एका वळणावर गवत, पुढच्या काही वळणांत नुसता पिवळट खडक. हवा एकदम चाळीस अंशांवर.

याच कोरड्या बाजूला बॉस्वेलिया सॅक्रा वाढतं, ज्याचा चीक सुकून जगातला सर्वांत नावाजलेला धूप होतो. त्याचं भावंडही आपल्याकडे आहे, सालई. विदर्भ-खानदेशातल्या डोंगरउतारांवर कागदासारखी साल सोलवटलेली सालई सगळ्यांनी पाहिलेली असते. धोफारमध्ये झाडाच्या सालीवर बोथट पात्याने छोटी खाप घेतात. दुधासारखे थेंब येतात. पहिल्या वेळचे फारसे कामाचे नसतात, ते खरवडून टाकतात. पुन्हा खाप, पुन्हा थांबणं. पुढच्या फेऱ्यांत येणारे थेंब सुकून खडीसाखरेसारखे होतात. समहानच्या पलीकडच्या बाजूचा 'होजरी' धूप सर्वांत उंची मानला जातो. हे झाड खरीफच्या थेट माऱ्यात नको, पण त्याच्या शेजारात हवं, असं जुने जाणकार मानतात.

या धुपासाठी पहिल्या शतकात आपल्या किनाऱ्यावरची जहाजं इथे येत. त्या काळच्या एका ग्रीक व्यापाऱ्याने नोंदवलंय की भडोचकडून आलेली जहाजं उशीर झाला तर इथल्या बंदरात मुक्काम करत आणि कापड, गहू, तिळाचं तेल देऊन धूप भरून नेत. ते बंदर म्हणजे आजच्या खोर रोरीजवळचं सुमहुरम, असं बहुतेक अभ्यासक मानतात. सुमहुरम, अल-बलीद, वादी दौका आणि शिस्र ही चार ठिकाणं २००० साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली.

गुरं तर पूर्वीपासून होती, मग आताच काय बिघडलं?

जंगल कमी होतंय म्हटलं की हा आक्षेप येतोच आणि तो खोटा नाही. या डोंगरांत जबाली लोक शेकडो वर्षं गाई, उंट, शेळ्या पाळत आले. त्यांची स्वतःची भाषा आहे, ती अरबीपेक्षा वेगळी. त्यांची चराईची शिस्तही होती. खरीफमध्ये डोंगर निसरडा होतो, माश्या छळतात, म्हणून उंट खाली सपाटीवर आणायचे. सप्टेंबरअखेर धुकं उठलं की 'सर्ब' हा ऋतू सुरू होतो, तेव्हा वर न्यायचे. म्हणजे पालवी फुटण्याच्या दिवसांत झाडांना आपोआप विश्रांती मिळायची.

पाण्याची टंचाई हीच तेव्हा कळपांवरची मर्यादा होती. कोरड्या महिन्यांत जितक्या जनावरांना पाणी मिळेल, तितकीच जगायची. १९७० च्या दशकात धोफारमधलं युद्ध संपलं, डोंगरात रस्ते झाले, विहिरी खोदल्या गेल्या, टँकर आले, बाहेरून चारा आला. लोकांचं जगणं सुधारलं आणि ते व्हायलाच हवं होतं. शतकानुशतकं पाठीवरून पाणी वाहिलेल्या माणसांना नळ मिळाला म्हणून कुणी नाक मुरडू नये. पण त्यासोबत कळपांवरची ती जुनी मर्यादाही गेली. जनावरं वाढली, डोंगर तेवढाच राहिला.

आता उतारावरची झाडं लांबून पाहिली तर खालून एका रेषेत कापल्यासारखी दिसतात. ती उंटाच्या मानेच्या उंचीची रेषा. त्याखाली पान शिल्लक नाही.

गवत तर आहे ना? हिरवं ते हिरवंच

व्हिडिओत दिसणारे मऊ हिरवे उतार बरेचदा गवताचे असतात आणि पर्यटकाला तेच आवडतात. पण गवत जमिनीलगत असतं. तिथे वारा मंद असतो आणि गवताची चाळणी लहान. म्हणून ते झाडाच्या मानाने फारच कमी धुकं गाळतं. जिथे जंगल जाऊन गवत आलं, तिथे डोंगर वरून हिरवा दिसतो, पण पोटात पाणी कमी जातं. त्याचा परिणाम खाली सलालात जाणवतो. उपसा वाढला आणि भूजल कमी झालं की समुद्राचं खारं पाणी आत सरकतं. ते थोपवण्यासाठी तिथे सांडपाणी शुद्ध करून किनाऱ्याजवळच्या विहिरींतून जमिनीत सोडतात. गोड पाण्याचा बांध जमिनीखाली उभा करायचा, अशी ती कल्पना.

मग झाडं लावून टाकू!

सर्वांत अवघड भाग इथे आहे. वीतभर रोपाकडे किती पानं असणार? त्याने किती धुकं धरावं? मोठ्या झाडाखाली रोप उगवलं तर वरून टपकणारं पाणी त्याला मिळतं. उघड्या माळावर ते एकटं असतं, खरीफपुरतं तगतं आणि मार्चमध्ये वाळतं. त्यातून वाचलंच तर उंट आहेत. म्हणजे जंगल आहे तोवर ते स्वतःला टिकवतं. एकदा गेलं की ते परत येण्याची वाटही सोबत घेऊन जातं. हिल्डेब्रांट आणि एल्ताहिर यांचा इशारा हाच होता.

'मग पहिलं झाड कसं उगवलं?' असं कुणी विचारेल, आणि विचारावंच. अरबस्तान कायम इतका कोरडा नव्हता. सहा-सात हजार वर्षांपूर्वीपर्यंत तिथे पाऊस आजच्यापेक्षा बराच जास्त होता, हे ओमानमधल्या गुहांतल्या चुन्याच्या स्तंभांवरून कळतं. त्यांचे थर झाडाच्या वर्षवलयांसारखे वाचता येतात. त्या ओल्या काळात पसरलेलं रान पुढे आटत गेलं आणि धुक्याच्या आधाराने या एका उतारावर उरलं. ज्या हवामानात ते उगवलं, ते हवामान आज नाही.

याच रानाच्या आसऱ्याने अरबी बिबट्या टिकून आहे. तो जगभरात दोनशेहून कमी उरलाय. १९९७ साली जबल समहान राखीव क्षेत्र जाहीर झालं. तिथल्या स्वयंचलित कॅमेऱ्यांत तो अधूनमधून दिसतो, आपल्या बिबट्यापेक्षा लहान आणि फिकट.

काही करता येतं का? येतं. धुकं पकडणाऱ्या जाळ्यांचे प्रयोग धोफारमध्ये अनेकदा झाले. दोन खांबांमध्ये बारीक जाळी ताणून वाऱ्यासमोर उभी करायची, खाली पन्हळ लावायची. पाणी मिळतं, फक्त ते तीनच महिने मिळतं. माणसाची वर्षभराची तहान त्यावर भागत नाही, पण कुंपणाच्या आतल्या रोपाला ते पुरेसं होऊ शकतं. रोप स्वतः चाळणी होण्याइतकं उंच होईपर्यंत जाळी झाडाचं काम करते. कुंपणाशिवाय मात्र यातलं काहीच चालत नाही. जिथे जनावरांना काही वर्षं अडवलं जातं, तिथे कुंपणाच्या आतला आणि बाहेरचा डोंगर वेगळा ओळखू येतो. आत झुडपांच्या फांद्या जमिनीपर्यंत आलेल्या असतात. खरीफमध्ये हात लावला तर पानापानावरून पाणी मनगटावर ओघळतं.